तिसरा मारिनस

कलामाझूच्या ग्रंथालयात, तळघरात,
मायक्रोफिल्मचं यंत्र घुर्र करून थांबतं
आणि माझे पणजोबा मरतात.
नोव्हेंबर १८८९. मारिनस. वय एक वर्ष चार महिने.
घटसर्प.

मी चष्मा पुसते. पुन्हा वाचते.
पणजोबा मला चांगले आठवतात.
त्यांच्या रविवारच्या कोटाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असत:
प्रवचन सुरू झालं की एक,
पाद्री घसा खाकरून दुसऱ्या मुद्द्याकडे वळले की एक.
सव्वा वर्षाच्या पोराला कोट नसतो,
पणती तर नसतेच.

मदतीला बसणाऱ्या मिसेस टर बीक
विणकामातून मान वर न करता म्हणतात,
रीळ पुढे फिरव. अजून एक असेल.

आहे.
१८९१. मारिनस. तीन आठवडे.
आणि मग १८९३, मारिनस,
त्याच्यापुढे मृत्यूचा रकाना कोरा.
हे आमचे.

झीलंडात रीतच होती तशी.
नाव आजोबांचं, ते वाया जाऊ द्यायचं नाही.
मूल गेलं तरी नाव ठेवायचं,
अक्षरशः ठेवायचं,
घडी घालून, फडताळात, कापराशेजारी,
पुढच्याच्या अंगाला येईल म्हणून.

आणि जिनं ते ठेवलं
तिचं स्वतःचं मात्र दर कागदावर झिजत गेलेलं.
रॉटरडॅमहून सुटलेल्या बोटीच्या यादीत तानेत्ये.
शिरगणतीत टेना.
वाण्याच्या उधारीच्या वहीत जेनी, दोन पौंड कॉफी, बाकी.
दगडावर नुसतं 'मुडर', म्हणजे आई,
तेही शेवाळाखाली.
खापरपणजी कुठल्या नावेतून आली ते मला कळलंय.
कुठल्या नावानं तिला घरात हाक मारत
ते विचारू नका.

समुद्राच्या पातळीखालचं गाव सोडून
ती आली ती थेट दलदलीत.
काळी, भुसभुशीत जमीन,
नांगराचे घोडे रुतू नयेत म्हणून
त्यांच्याही खुरांना लाकडी पाट्या बांधत,
आपल्या मालकांसारख्या.
ओळीच्या दोन्ही बाजूंना फळ्या टेकवून
सेलरीला ऊन लागू द्यायचं नाही,
मग देठ पांढरे होतात, गोड होतात,
शिकागोच्या हॉटेलांत काचेच्या उभ्या पेल्यात बसतात.
कापणाऱ्या बायकांच्या मनगटांवर
रस सुकला की फोड यायचे.
त्या जागी आता टायरचं दुकान आहे.
मी गाडीतून उतरले होते.
डांबर. काय बघणार?

शेवटचं रीळ. जून १९००.
शिरगणतीवाला कुंपणापाशी उभा असेल,
बुटांना चिखल लागू नये अशा बेतानं.
किती मुलं झाली? नऊ.
हयात किती? चार.
इंग्रजी बोलता येतं? नाही.

मग उत्तरं दिली कुणी?
बाप शेतात. थोरली लेउन्त्ये तेरा वर्षांची,
शाळेत जाणारी, तिला येत असेल.
तिनं प्रश्न आपल्या भाषेत आईला विचारला असेल,
सगळं माहीत असूनही,
विचारावाच लागतो म्हणून.
किंवा नसेल विचारला.
तानेत्येनं हातातली सुरी खाली ठेवून
नऊ बोटं वर केली असतील,
फोडांनी उललेली,
आणि त्यांतली पाच मिटली असतील,
एकेक.

सात वर्षांचा मारिनस तिथंच असणार, परकराला धरून.
त्यानं मोजली असतील का,
आणि त्यातलं आपलं बोट कुठलं
हे त्याला कळलं असेल का,
मी यंत्र बंद करते. मिसेस टर बीक दिवे घालवतात.

पणजोबांना हाक मारली
तर ते लगेच ओ द्यायचे नाहीत.
आधी मागे वळून बघायचे.
आम्ही म्हणायचो,
कमी ऐकू येतं त्यांना.